आधी धरते कशी ते सांगा

किश्श्यांचं काय होतं, एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याला धरून वर येतो. आणि आमचं तर कामच वेली बघण्याचं! दर रविवारी सकाळी आम्ही मोजकी मंडळी सहकारनगर, तळजाई, पर्वतीची मागची बाजू असं हिंडतो आणि फक्त वेली बघतो. फुलझाडं नाही, पक्षी नाही, फुलपाखरं तर नाहीच नाही. टेकडीवर पक्षीवाले भेटतात, गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे. "आज काय दिसलं?" म्हणून विचारतात. आम्ही सांगतो, "गुळवेल." त्यावर ते म्हणतात, "ती तर मागच्या रविवारीही इथेच होती."

असा आमचा मान! पण एवढं सांगते, त्यांच्याकडे फोटो असतात आणि आमच्याकडे किस्से. आता इतके साठलेत की एकातून दुसरा सोडवायचा म्हणजे वैताग आहे.

*

सुरुवात भागवत सरांपासून करायला हवी, कारण मंडळ त्यांचं. सर कॉलेजात बॉटनी शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे मी स्वतः अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवून रिटायर झाले, नातू झाला, गुडघे गेले, तरी सर मला अजून "वर्षा, लक्ष कुठे आहे?" असंच विचारतात.

सरांनी मंडळाला एकच नियम घालून दिला. वेलीचं नाव कोणाला विचारायचं नाही. माळ्याला नाही, घरमालकाला नाही, एकमेकांनाही नाही. आधी ती धरते कशी ते सांगायचं.

"का हो सर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो."

मग सरांनी पर्वतीच्या पायथ्याशी उभ्या उभ्या वर्गीकरण शिकवलं. खोडानंच आधाराला पीळ घालत चढणाऱ्या, म्हणजे गोकर्ण, गुळवेल. स्प्रिंगसारख्या हिरव्या तारेनं धरणाऱ्या, म्हणजे काकडी, द्राक्ष, कृष्णकमळ. त्या तारेला तणावा म्हणायचं. पानाचा देठच वळवून फांदीला अडकवणारी मोरवेल. ("ती फार धरणारी. तिचं बीसुद्धा पिसाच्या शेपटीचं, मोज्याला धरून घरी येतं.") मुळांनी भिंतीला चिकटणारा मनीप्लांट. काट्यांनी अडकत अडकत वर जाणारी बोगनवेल. आणि शेवटचा वर्ग, रेलणाऱ्या. यांच्याकडे पीळ नाही, तणावा नाही, काटा नाही. दुसऱ्याच्या अंगावर पडायचं आणि वर जायचं.

"याचं उदाहरण?" मी विचारलं.

सर म्हणाले, "माझे जावई."

*

दुसरा नियम पुढे आला. "आधी हात, मग डोळा." म्हणजे डोळे मिटायचे, वेल हातानं चाचपायची, वर्ग सांगायचा, आणि मगच डोळे उघडायचे. आम्हाला वाटलं काय थोर पद्धत आहे! नंतर सरांच्या बायकोकडून कळलं, सरांचा मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते जेवत नाहीत. स्वतःला दिसत नाही म्हणून आम्हा सगळ्यांना डोळे मिटायला लावत होते. धन्य आहे!

तर ही पद्धत सुरू झाली त्याच सुमारास गायकवाड साहेब मंडळात आले. साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, नोकरी सगळी खडकवासल्याच्या कालव्यावर. उंच, शांत, इस्त्रीची पँट. बायको, मंदाताई, वर्षभरापूर्वी गेलेल्या. मुलगी नागपूरला. "घरात बसून भिंती बघण्यापेक्षा तुमच्याबरोबर वेली बघतो," म्हणाले.

पहिल्या रविवारी सरांनी त्यांना डोळे मिटायला लावून एका गल्लीत पुढे सोडलं. साहेब हात पुढे करून गेले आणि एका खांबापाशी थांबले. चाचपायला लागले.

"काय आहे?" सरांनी लांबून विचारलं.

"पिळणारी आहे सर. जुनी आहे. एकीवर एक, बऱ्याच आहेत."

"खोड?"

"गुळगुळीत."

"पानं?"

"सगळी गळलीत."

"ओढून बघा. चिवट आहे?"

साहेबांनी ओढलं. इंजिनिअरचा हात! त्याबरोबर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक मुलगी ओरडली, "ओ काका! माझं वायफाय आहे ते! मीटिंग चालूये माझी!"

साहेबांनी डोळे उघडले. हातात इंटरनेटच्या केबलींचा भलामोठा गुंता. सर जवळ आले, नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "वर्ग बरोबर सांगितलात."

ती मुलगी चपला घालून भांडायला खाली आली. ती तन्मयी. आयटीत आहे, हिंजवडीला. तासभर भांडायची तयारी करून आली होती, पण सरांनी तिलाच विचारलं, "ही केबल खांबाला उजवीकडून पीळ घालते की डावीकडून?" ती खांबाभोवती फिरून बघायला लागली. पुढच्या रविवारी हजर. "सिरियसली, इतकं युजलेस आणि इतकं इंटरेस्टिंग मी काहीच बघितलं नव्हतं," असं तिचं म्हणणं. सरांना ते कौतुक वाटलं.

*

आता मुख्य गोष्टीकडे येते, नाहीतर किस्से मला कुठेतरी भलतीकडे नेतील.

एकदा तळजाईवरून उतरताना साहेब म्हणाले, "घर जवळच आहे, चहा घ्या." त्यांची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, ते दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं आणि साहेबांनी आम्हाला सोफ्यावर बसू दिलं नाही. "माफ करा, आधी गॅलरीत या. कुसळं असतील. मंदाचा नियम आहे."

झालं, आम्ही सगळे ओळीनं गॅलरीत. पँट झटका, सलवार झटका, मोजे काढा. साहेब हसत होते. "मी कालव्यावरून यायचो ना, तेव्हा दारातून थेट इथे रवानगी! 'आधी पँट झटका, मग घरात या. सगळं रान घेऊन येता अंगावर! ही गॅलरी आहे, जंगल नाही!' आयुष्यभर ऐकलं. आता कोणी म्हणत नाही, पण पाय आपोआप इकडेच वळतात."

आणि तिथे, गॅलरीच्या कोपऱ्यात, एका कापलेल्या ड्रममध्ये ती वेल होती.

काय वेल, काय वेल! मनगटाएवढं जाड, पिळदार खोड. ग्रिलमधून बाहेर गेलेली, पाइप धरून वर गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचलेली. लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीत एवढे जिने चढणं तिलाच जमत असावं. नुसती हिरवी गच्च. पण फूल म्हणून नाही.

"मंदानं लावली," साहेब म्हणाले. "कुठूनशी काडी आणली आणि खोचली. मी विचारलं, कसली गं? तर म्हणाली, फूल येऊ दे, मग कळेल तुम्हाला. गंमत करायची सवय होती तिला. फूल काही आलं नाही. आणि मग ती आजारी पडली."

मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, नियम माहीत आहे, तरी आज विचारतो. हिचं नाव काय?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की हा माणूस भिंतींना कंटाळून आमच्यात आला नव्हता. या एका प्रश्नासाठी आला होता.

त्यात भर म्हणजे सोसायटीचं रीडेव्हलपमेंट ठरलेलं. जुनी इमारत पाडून नवी बांधायची. सगळ्यांनी सह्या केल्या, एकट्या गायकवाड साहेबांनी केली नाही. "नाव कळल्याशिवाय सही नाही," त्यांनी चेअरमनला सांगून टाकलं. "नाव कळलं तर ही गेली तरी कुठून तरी दुसरी मिळेल, लावता येईल. बिननावाची वेल हरवली की हरवलीच. आणि तिनं मला काय सांगायचं ठेवलं होतं, ते कायमचंच राहिलं."

चेअरमन सबनीस हा किस्सा सगळ्या पुण्याला सांगत फिरले. "लोक पार्किंगसाठी अडवतात, चटई क्षेत्रासाठी अडवतात. आमच्याकडे वेलीचं बारसं व्हायचंय म्हणून काम अडलंय!" कायद्यानं साहेबांच्या सहीवाचून त्यांचं अडत नव्हतं. पण सबनीसांना एकमत हवं होतं. "शंभर टक्के संमती" असं त्यांनी आधीच नोटीस बोर्डावर लिहून ठेवलं होतं, आता पुसायचं कसं?

*

सरांनी त्या वेलीची तपासणी केली ती मी जन्मात विसरणार नाही. डोळे मिटले, दोन्ही हात हिरवाईत खुपसले, आणि कपाळावर आठी.

"तणावा आहे. तणावा तर कृष्णकमळाचा वाटतो."

आम्ही खूश. साहेबांनी तर खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"पण कृष्णकमळाला हे असं तीन-तीन पानांचं पान कसं? हे पान मोरवेलीचं. देठही अडकलाय."

"मग मोरवेल!" तन्मयी म्हणाली.

"मोरवेलीला तणावा नसतो."

"मग?"

सर गंभीर झाले. "एकाच वेलीला दोन तऱ्हेची पानं असू शकतात. कोवळेपणी एक, मोठेपणी एक. पण देठानंही धरते आणि तणाव्यानंही धरते... ही काहीतरी वेगळीच बाब आहे. फूल दिसल्याशिवाय मी नाव सांगणार नाही."

दारात सबनीस उभे होते. वरच्या मजल्यावरची गळती बघायच्या निमित्तानं आलेले. ते म्हणाले, "अहो, दोन वेगवेगळ्या वेली असतील."

सरांनी डोळेही न उघडता सांगितलं, "सबनीस, तुम्ही पार्किंगचं बघा."

मग फूल येण्यासाठी उपाय सुरू झाले. सर म्हणाले, "साहेब, पाणी कमी करा. वेलीचं पोट भरलं की ती नुसती पानं काढत बसते. तहान लागली की फुलायचं सुचतं."

साहेब मान हलवायचे आणि रोज सकाळी बादलीभर पाणी घालायचे. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. शेवटी सर चिडले. "पाटबंधारे खात्याला पाणी बंद करता येत नाही का?"

साहेब हळूच म्हणाले, "मंदा शेवटी एवढंच सांगून गेली हो. पाणी घालायला विसरू नका."

त्यानंतर सरांनी पाण्याचं नाव काढलं नाही.

*

सबनीसांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, किस्सा इथेच सांगून टाकते, म्हणजे जरा हवा खेळेल.

सबनीस तळमजल्यावर राहतात. काकूंनी अंगणात गोकर्ण लावली आणि तिला काठी दिली. गोकर्ण काठीला पीळ घालत वर निघाली. काकू वरून बघतात तर काय, वेल उलटी प्रदक्षिणा घालतेय! देवळात आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे जातो, ही त्याच्या विरुद्ध!

काकूंनी वेल सोडवली, सुलटी गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. आठवड्यात वेलीचा शेंडा सुतळीतून सुटून परत उलटा. परत बांधली, परत उलटी. काकूंचा संशय वॉचमनवर, मग शेजारणीवर. शेवटी त्यांनी सरांनाच अडवलं.

सर म्हणाले, "काकू, बहुतेक पिळणाऱ्या वेली अशाच जातात. जातच आहे ती त्यांची. उलटा वळसा घ्यायला लावलात तर ती बिचारी आयुष्यभर सुटायचं बघेल."

"पण मग सकाळी सकाळी डोळ्यांसमोर उलटी प्रदक्षिणा बघायची का मी? अशुभ ते!"

सरांनी क्षणभर विचार केला. "तुम्ही वरून बघता का?"

"मग कुठून बघणार?"

"खालून बघा. खालून बघितलं की सुलटी दिसते."

काकूंचा विश्वास बसेना. वाकून बघितलं. खरंच की! आता काकू रोज सकाळी चहाचा कप घेऊन गोकर्णीखाली पाटावर बसतात आणि मान वर करून बघतात. अगदी समाधानी आहेत. सबनीसांना मात्र चहा स्वतः करून घ्यावा लागतो.

*

सबनीस स्वतः मंडळात आले ते घाईपोटी. "मी लक्ष घातल्याशिवाय तुमचं काही मार्गी लागत नाही," म्हणाले. दर रविवारी टोपी घालून हजर. पहिला प्रश्न, "लागला का शोध?" आणि सरांचं ठरलेलं उत्तर, "फूल आलं का?"

पण गंमत बघा, दोन महिन्यांत माणूस बदलला. एकदा बिल्डरच्या ऑफिसात मीटिंग होती. बिल्डरनं टेबलावर नव्या इमारतीचं चित्र पसरलं. चकचकीत, दर गॅलरीतून हिरव्या वेली खाली सोडलेल्या. बाकीचे सभासद लिफ्टचं विचारत होते. सबनीसांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "या वेली धरतात कशानं?"

बिल्डर म्हणाला, "सर, ते नुसतं चित्र आहे."

"ते दिसतंय मला. पण तणावा नाही, काटा नाही, मुळं नाहीत, आणि वेल हवेत? आधी धरते कशी ते सांगा, मग इमारतीचं बोलू!"

बाकीच्यांनी त्यांना ओढून बाहेर आणलं, असं ऐकलं.

तन्मयीनं तिच्या परीनं उपाय केला. तिच्या मोबाइलवर झाडं ओळखणारं अॅप आहे. ते नियमात बसत नाही, पण साहेबांकडे बघून सरांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "मला काही दिसत नाही. मोतीबिंदू आहे." एवढी सूट त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नसेल.

तिनं वेलीचा पहिला फोटो काढला. अॅप म्हणालं, कृष्णकमळ. दुसरा काढला. मोरवेल. तिसरा काढला, त्यात पान धरलेलं सबनीसांचं बोट आलं. अॅप म्हणालं, गाजर!

"बघा," सर खूश होऊन म्हणाले, "यंत्राचं हे असं असतं. एका जागी उभं राहून तीन नावं."

सबनीस आपल्या बोटाकडे बघत राहिले. साहेब मात्र त्या दिवशी खट्टू झाले. चहा केला, पण त्यात साखर घालायला विसरले, आणि आम्हीही सांगितलं नाही.

*

साहेबांचं मन रमावं म्हणून एका रविवारी आम्ही लोणी काळभोरला गेलो. तन्मयीच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं तिथे काकडीचा मांडव घातला होता. सर म्हणाले, "तणाव्याला बोट लावून धरलं तर तो बोटालाही वेढा घालतो. सगळ्यांनी बघा." आणि स्वतःचं बोट पुढे करून उभे राहिले.

आम्ही जरा वेळ बघितलं आणि उसाचा रस प्यायला गेलो. येऊन बघतो तर सर तसेच! तणाव्यानं खरंच बोटाला गोल वेढा घातलेला, आणि सर लहान मुलासारखे हसतायत. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुसऱ्या हातानं उचलला.

"अहो, येता ना घरी?" बायको विचारत होत्या. फोन स्पीकरवर होता, सरांना तो बंद करता येत नाही.

"येतो गं. पण मला एकीनं धरून ठेवलंय. सोडवत नाही."

पलीकडून आवाज आला, "तिला म्हणावं ठेवून घ्या. येताना फक्त भाजी पाठवून द्या."

शेतकरी बांधावर बसून हे सगळं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "सर, काकडी हाय ती! तोडा की अन् मोकळं व्हा!"

सरांनी तोडली नाही. तणाव्याचा एकेक वेढा हळूहळू, उलटा फिरवत सोडवला, आणि मग तो मांडवाच्या तारेजवळ नेऊन ठेवला. गाडीत बसल्यावर साहेब म्हणाले, "सर, तुम्ही नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. पण माझी वेल कोणी तोडायच्या आधी अशी सोडवून द्याल ना?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देईन." आणि त्या आठवड्यात त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी काळा चष्मा घालून आले तेव्हा कळलं.

*

दसऱ्याला साहेब नागपूरला गेले. दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात, पण या वेळी मुलीनं ठेवूनच घेतलं. महिना झाला तरी परत यायचं नाव नाही. घराची किल्ली सबनीसांकडे, आणि रोज बादलीभर पाणी घालायची जबाबदारीही त्यांच्याकडेच.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी ग्रुपवर सबनीसांचा मेसेज. नुसते दोन फोटो. एकात जांभळं, झालरीझालरीचं मोठं फूल. दुसऱ्यात पांढऱ्या, नाजूक फुलांचा घोस. खाली लिहिलेलं, "गायकवाडांची वेल. दोन्ही हिचीच. ताबडतोब या."

सरांनी उत्तर दिलं, "अशक्य."

साहेब त्याच दिवशी नागपूरहून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गॅलरीत. वेल ओळखू येत नव्हती. निम्मी पानं गळलेली, उरलेली सुकलेली, आणि त्यातून इकडे जांभळं, तिकडे पांढरं. ड्रममधली माती भेगाळलेली.

"सबनीस, पाणी?" मी विचारलं.

"मुद्दामच नाही घातलं," सबनीस म्हणाले. काकू मागून म्हणाल्या, "विसरले!"

सरांनी काळा चष्मा काढला. मग सवयीनं डोळे मिटले. डावा हात जांभळ्या फुलावर ठेवला आणि म्हणाले, "तन्मयी, तू ते पांढरं धर. दोघं खाली येऊ. सोडायचं नाही."

दोघांचे हात खाली सरकायला लागले. पाइपवरून ग्रिलवर, ग्रिलवरून कठड्यावर, कठड्यावरून ड्रमकडे. मध्येच एकमेकांना ओलांडायचे, परत वेगळे व्हायचे. ड्रमपाशी त्या जाड पिळदार खोडाशी दोघांचे हात एकत्र आले. सरांनी तिथली वाळकी पानं बाजूला केली, नख घालून पीळ जरासा उकलला. मग डोळे उघडले, स्वच्छ नव्या डोळ्यांनी बघितलं. खोडं दोन होती.

"दोन आहेत," सर म्हणाले. "एक कृष्णकमळ. एक मोरवेल. चूक माझी."

सबनीस पुढे झाले. "मी पहिल्याच दिवशी..."

"सबनीस, पार्किंगचं काय झालं?"

साहेबांचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ते त्या जांभळ्या फुलासमोर उभे होते. "खडकवासल्याला आमच्या क्वार्टरच्या फाटकावर होतं हे," ते म्हणाले. "लग्न करून तिला घेऊन आलो तेव्हा फुललेलं होतं. ती आत यायच्या आधी फाटकातच थांबली, याच्याकडे बघत. सगळे म्हणत होते, आत चला, आत चला." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. काकूही डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. मी तर सरळ रडत होते, आणि तरी मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

सर तेवढ्यात कामाला लागले होते. एक कुंडी मागवली, दोन्ही वेलींची एकेक फांदी वाकवली आणि त्याच कुंडीत मातीखाली दाबली. "मुळं फुटली की कापून घेऊ. नव्या घरी दोघी जातील."

मग हात झटकत त्यांनी विचारलं, "पण साहेब, कृष्णकमळ वहिनींनी लावलं. ही मोरवेल कोणी लावली? कुंडीत हौसेनं लावायची ही वेल नव्हे. ही रानातली. तुमच्या कालव्याच्या कडेनं कुंपणाकुंपणावर असते, तिथली."

साहेब मोरवेलीकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांची नजर खाली आली, आपल्या पँटच्या पायांवर. आणि ते हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं, मग कठडा धरून. तो माणूस असा हसू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सबनीसांनी संधी साधली. संमतीचा कागद त्यांच्या खिशात तयारच होता. साहेबांनी पेन घेतलं आणि हसत हसतच सही केली.

"शंभर टक्के!" सबनीस म्हणाले. "आता आणखी काही अट नाही ना?"

"एकच," साहेब म्हणाले. "नव्या फ्लॅटला गॅलरी पाहिजे. पँट झटकायला."